फळी धरायला घरचं माणूस

४ मार्च

ताई,

तुझा वाचायचा चष्मा इथेच राहिला होता, बाथरूमच्या खिडकीत सापडला. पत्रासोबत डबीत घालून पाठवते आहे. आधी तो लाव आणि मग वाच, नाहीतर पत्र भाऊजींच्या हातात देशील आणि ते मोठ्याने वाचून दाखवतील.

दोनतीनदा फोन केला, उचलला नाहीस. म्हणून लिहिते आहे.

तू रविवारी येणार होतीस आणि शुक्रवारी आलीस. कळवलं असतंस तर मी घरी थांबले असते. शेजारच्या बाई सांगत होत्या की बराच वेळ तू बॅगा घेऊन दाराशी उभी होतीस, आणि त्यांनी आत बोलावलं तर गेली नाहीस. मग मी आले ती तायक्वांदोच्या क्लासच्या पांढऱ्या पोशाखात. तू म्हणालीस, "नवरा जाऊन आठवडा झाला नाही आणि तू लाथा मारायला गेलीस?" मी तेव्हा काही बोलले नाही. तू सकाळी चहा न घेता निघालीस, तेव्हाही बोलले नाही. मला वेळेवर सुचत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

मी त्या दिवशी गेले ती किल्ली परत करायला. हॉलची एक किल्ली आमच्याकडे असते. आम्ही सगळ्यांच्या आधी पोचायचो, म्हणून सरांनी देऊन ठेवली होती. आता ती ठेवून घेणं बरं दिसत नाही. पोशाख अंगावर चढवला तो सवयीने. एवढंच होतं.

कामावर जायला लागले आहे. माझ्या टेबलावरच्या कवळ्या कोणी हलवल्या नव्हत्या. मालकांनी अजून सुट्टी घ्या म्हटलं. मी म्हटलं, लोक दातांशिवाय बसलेत.

चष्म्याची डावी काडी ढिली आहे, डबी जपून उघड.

तुझी
धाकटी

२६ मार्च

ताई,

चष्मा पोचल्याचं भाऊजींनी फोनवर सांगितलं. तू आंघोळीला गेली आहेस म्हणाले. दुपारचे साडेतीन वाजले होते. भाऊजींना खोटं बोलायला लावायचं असेल तर तू आधी नीट शिकवून ठेवत जा.

मागच्या पत्रात किल्लीचं लिहिलं, ते खरं नव्हतं. किल्ली अजून माझ्याकडेच आहे, यांच्या जुडग्यात. म्हणून खरं काय ते लिहिते. तू वाचशील की नाही ते तुझ्यावर.

तुला वाटतं मी या वयात तायक्वांदोचं खूळ डोक्यात घेतलं. सुरुवात मानदुखीने झाली. दिवसभर खाली वाकून मेण कोरायचं, प्लास्टर ओतायचं, कवळीला पॉलिश करायचं. मान वर होईना. डॉक्टर म्हणाले, काहीतरी व्यायाम करा, नाहीतर पट्टा लावावा लागेल. टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्याला या क्लासचा बोर्ड होता, तो मला बसमधून रोज दिसायचा. यांना सांगितलं तर हसून लोटपोट झाले. "म्हणजे दिवसा लोकांचे दात बसवायचे आणि संध्याकाळी पाडायला शिकायचं. धंदा वाढेल बघ." आणि दुसऱ्या दिवशी मला सोडायला आले.

मग रोजच यायला लागले. वर बसायची लाज वाटायची त्यांना. जिन्यात खालून चौथ्या-पाचव्या पायरीवर पेपर घालून बसायचे आणि उरलेला पेपर वाचायचे. टायरवाले चिडवायचे, "लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि आयुष्य जिन्यात काढतोय." हे म्हणायचे, "लिफ्टमध्ये काय काय बिघडतं हे मला माहीत आहे, म्हणूनच."

वरचं दार फुगलेलं आहे. पहिल्या दिवशी हे ते ओढत बसले होते आणि मी आतून बघत होते. ते आत ढकलायचं असतं, तेही खांद्याने. जिन्यात बसलं की वरचं काही दिसत नाही, पण सगळं ऐकू येतं. आमचे आकडे मोजणं, पायांचा धप धप आवाज. परीक्षा असली की फळी फुटल्याचा आवाज. क्लास सुटला की मी खाली यायची, हे पेपरची घडी करून उठायचे. "आज तुझा आवाज नीट येत नव्हता," असं कधी म्हणायचे. कधी काहीच नाही.

त्या शुक्रवारी मला वाटलं, हे पायरीवर असतील. वाटलं म्हणजे काय, मला सगळं कळत होतं. दवाखान्यातले कागद मीच सह्या करून आणले होते. तरी पाच वाजले तशी मी पोशाख घातला, बस पकडली आणि जिन्याशी जाऊन उभी राहिले. पायरी मोकळी होती.

परत फिरणार होते. पण टायरवाल्यांनी बघितलं आणि मान खाली घातली. त्यांच्यासमोरून परत जाणं मला जमेना. म्हणून वर गेले. वर कोणी काही विचारलं नाही. सर म्हणाले, "काकू, ओळीत या." मी ओळीत उभी राहिले. तासभर मोठ्याने आकडे म्हटले. त्या आठवड्यात घरी जो आला तो माझा हात हातात घेऊन बसत होता. इथे हात माझेच होते.

मी रडले नाही, हेही तू म्हणालीस. आई गेली तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस. यांच्या कंपनीतून फोन आला तेव्हा माझ्या हातात एक कवळी होती. ती मी आधी पाण्यात ठेवली, कारण कोरडी पडली की वाकते. मग पर्स घेतली आणि निघाले. मी अशीच आहे, ताई. तुला दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

तुझी
धाकटी

१९ एप्रिल

ताई,

उत्तर नाही, म्हणजे रागावलेली आहेस किंवा काडी मोडली. काडी मोडली असेल तर कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे दे, नवीन घेऊ नकोस.

एक विचारायचं आहे. ते विचारायच्या आधी थोडं सांगावं लागेल.

सतरा मे, रविवारी सकाळी माझी काळ्या पट्ट्याची परीक्षा आहे. अर्ज यांनीच भरला होता, गेल्या वर्षी. हालचाली, लढत, सगळं झालं की शेवटी फळी फोडायची असते. पाय आडवा मारून, टाचेने. फळी तशी फार जाड नसते, पण ती कोणीतरी दोन्ही हातांत धरून समोर उभं राहावं लागतं.

आमच्या सरांचा एक नियम आहे. दुसऱ्या क्लासमध्ये नसेल, आमच्याकडे आहे. परीक्षेची फळी घरच्या माणसाने धरायची. कॉलेजातल्या मुलींच्या आया येतात, बस कंडक्टरची बायको येते, एका म्हाताऱ्या कारकुनाची नात येते. सर म्हणतात, "क्लासमधला माणूस तुमच्या पायाला ओळखतो. घरचा माणूस तुम्हाला ओळखतो. तो समोर उभा राहिला, तर मला कळतं की शिकवलं ते नीट पोचलंय." एका माणसाची बायको यायला तयार झाली नाही, तेव्हा सरांनी त्याची परीक्षा घेतली नाही. तो घरी तिच्यावर हात उचलायचा, हे आम्हाला नंतर कळलं.

माझी प्रत्येक फळी यांनी धरली. पिवळ्या पट्ट्यापासून लाल पट्ट्यापर्यंत. हा माणूस लिफ्टच्या खोल विहिरीत दोरावर लटकून काम करायचा, पण फळी धरायची म्हटलं की तोंड पांढरं पडायचं. कामाचे जाड मोजे हातात घालायचे, डोळे मिटायचे, मान फिरवायचे. मुली हसायच्या. "काका, काकू तुम्हाला नाही मारणार आहेत." हे डोळे मिटूनच म्हणायचे, "तुम्ही अजून लग्न केलेलं नाही." फळी फुटली की आधी 'हुश्श' करायचे आणि मग एक डोळा उघडून बघायचे.

ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक लोखंडी स्टँड आहे. त्यात फळी अडकवता येते. एरवी त्यावर सगळे जॅकेटं टांगतात. मी तो एकदाच वापरताना बघितला. एक रात्रपाळीचा वॉचमन होता, कुठून लांबून कामाला आलेला. त्याने स्टँडवरची फळी फोडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नंतर तो यायचा बंद झाला. त्या दिवशी बसमध्ये हे म्हणाले, "असं कोणाला फोडायला लागू नये."

परवा एक मुलगी म्हणाली, "सर, काकूंची फळी मी धरते ना." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझी बहीण आहे."

ते तोंडातून गेलं. तुला विचारल्याशिवाय गेलं.

तू येशील का? नुसतं उभं राहायचं आहे. मोजे मी आणीन, यांचेच आहेत. मी तुला लागू देणार नाही, ताई. तेवढं मला येतं. सर फक्त म्हणतात की मी फार जवळ उभी राहते. पहिल्यापासून म्हणतात. पण माझ्या सगळ्या फळ्या फुटल्या आहेत, त्यामुळे मी लक्ष देत नाही.

तुझी
धाकटी

३ मे

ताई,

भाऊजींचा फोन आला. त्यांना बिचाऱ्यांना बोलता येईना. आधी हवापाण्याचं बोलले, मग तुझ्या गुडघ्यांचं, मग म्हणाले, "ती म्हणते, असल्या गोष्टी तिला झेपायच्या नाहीत." मागे तुझा आवाज येत होता. "एवढंच सांगा आणि ठेवा," असं काहीतरी.

बरं. ठीक आहे.

सरांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन. ते चांगले आहेत, ते स्टँडवरची जॅकेटं काढायला लावतील आणि दुसरं काही बोलणार नाहीत.

राग आलेला नाही मला. तुझ्या जागी मी असते तर मलाही दारात उभं राहणं मनाला लागलं असतं. एवढा लांबचा प्रवास करून तू मला धरायला आलीस आणि मी तिथे नव्हते. हे मी आधीच लिहायला हवं होतं, चष्म्याचं नंतर.

घरी सगळं जागच्या जागी आहे. शनिवारी आमच्या इमारतीची लिफ्ट अडकली. शेजारच्या बाईंनी नेहमीसारखी आमची बेल वाजवली आणि मी दार उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दोघी तशाच उभ्या राहिलो. मग त्यांनी विचारलं, दूध आहे का. त्यांच्याकडे दूध होतं, मला माहीत आहे, मघाशीच घेतलेलं. मी अर्धी वाटी दिली.

संध्याकाळी मी टेबलाच्या एका बाजूला जेवते. दुसऱ्या बाजूला इस्त्रीचे कपडे ठेवते, म्हणजे ती बाजू मोकळी दिसत नाही. कपडे मग घड्या घालून आत ठेवायचे राहतात. मुद्दाम राहू देते.

तू येणार नाहीस, तरी सांगून ठेवते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बस पकडली की तिसऱ्या थांब्याला उतरायचं. टायरचं दुकान, बाजूला लाकडी जिना. सकाळी दहाला सुरू होईल. फळी धरताना कोपर ताठ ठेवायचे. धरणारा मागे सरला की फळी फुटत नाही आणि मारणाऱ्याला लागतं. बाकी काही नाही.

तुझी
धाकटी

१८ मे

ताई,

काल परीक्षा झाली. आज कामावर गेले नाही, उजवी टाच सुजली आहे. त्याचं कारण लिहिते.

हालचाली नीट झाल्या. लढत एका तिशीतल्या मास्तरणीबरोबर होती. ती मला मारायला संकोचत होती, म्हणून मी आधी मारलं. मग फळ्यांची वेळ आली. आया, बायका, एक सासरे असे एकेक पुढे येऊन उभे राहिले. माझं नाव पुकारलं. सरांनी दाराकडे बघितलं. मीही बघितलं. मग सर स्वतः उठले, स्टँडवरची जॅकेटं काढून बाकावर ठेवली आणि स्टँड ओढत मधे आणला. लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज झाला. मी यांचे मोजे पिशवीत ठेवले होते, ते तसेच राहिले.

मी अंतर घेतलं, नेहमीसारखंच, आणि मारलं. फळी फुटली नाही. नुसता बद्द आवाज झाला आणि कळ मांडीपर्यंत आली. पाय पुरता लांब व्हायच्या आतच फळी लागली होती.

माझी एकही फळी आजवर राहिलेली नव्हती. सर जवळ आले आणि हळू म्हणाले, "काकू, फार जवळ आहात."

ताई, तेव्हा मला कळलं. मी चुकीचं शिकले नव्हते. हे शेवटच्या क्षणी मागे सरायचे. दर वेळी. डोळे मिटून, कोपर आत घेऊन, वीतभर. ताठ उभं राहा म्हणून कितीही सांगितलं तरी. आणि मी न सांगता, मलाही न कळता, तेवढी पुढे जाऊन उभी राहायला लागले होते, म्हणजे हे मागे सरले तरी फळी पायात यावी. माझं अंतर फळीचं नव्हतंच. ते यांचं होतं. स्टँड तर जागचा हलत नाही.

सर म्हणाले, "अजून एकदा मारता येईल. एक पाऊल मागे घ्या."

मागे घ्यायचं होतं ते एवढंसं. मी उभीच राहिले. मला ते पाऊल घेता येईना. सगळे बघत होते. मला वाटत होतं, मी मागे गेले म्हणजे मान्य केलं की समोर कोणी नाही. सरांनी घाई केली नाही. घड्याळाकडेही बघितलं नाही.

मग घेतलं. आणि मारलं. फुटली. स्टँडवरची फळी फार स्वच्छ फुटते, मधोमध. टाळ्या झाल्या. पण हाताने धरलेली फळी फुटली की समोरचं माणूस 'हुश्श' करतं. स्टँड काही करत नाही. मी थोडा वेळ ऐकत उभी राहिले, उगाचच. मग वाकून दोन्ही तुकडे उचलले, आणि तिथे, सगळ्यांसमोर, मला रडू आलं. मुलींनी मला बाकावर बसवलं. बराच वेळ येत राहिलं. तुला सांगायला हवं म्हणून सांगते.

लंगडत खाली उतरले तर टायरवाले हात पुसत पुढे आले. म्हणाले, "भेटल्या का बहीण?"

मी म्हटलं, "कोण बहीण?"

"अहो, तुमच्या. नाक तर तेच आहे. जिन्यात बसल्या होत्या केव्हापासून, पिशवी मांडीवर घेऊन. मी म्हटलं, वर जा, खुर्च्या आहेत. तर म्हणाल्या, मी इथेच बरी आहे."

मी जिन्याकडे बघितलं. ते म्हणाले, "तो पहिला आवाज झाला ना, फुसका, तशा उठल्या. पिशवी टाकून धावल्या वर. तसल्या दुखऱ्या गुडघ्यांनी. मी घाबरलो, पडतील म्हणून. दाराशी धडपडत होत्या, मग तिथेच उभ्या. मग दुसरा आवाज झाला, चांगला कडकडीत. त्यानंतर हळूहळू खाली आल्या. मी विचारलं, आत नाही का गेलात? तर म्हणाल्या, दार उघडत नाही. आणि पिशवी घेऊन गेल्या."

मी त्या पायरीवर जाऊन बसले. टायरवाले आत गेले, रेडिओ बारीक केला.

भाऊजींना आज फोन केला नाही. ते सांगतील की तू काल दिवसभर घरीच होतीस, आंघोळ करत.

फळीचा एक तुकडा सोबत पाठवते आहे. कडा खरखरीत आहेत, कुसळ जाईल, जपून. दुसरा इथे आहे, टेबलाच्या त्या बाजूला. कपडे आत ठेवले.

पुढच्या महिन्यात, सात तारखेला, सकाळी दहालाच पट्टा देतात. त्या दिवशी कोणी काही धरायचं नसतं, नुसतं येऊन बसायचं असतं. जिन्यातच बसायचं असेल तरी चालेल, पण खाली पेपर घाल, पायऱ्या गार असतात. आणि वर आलीस तर लक्षात ठेव, ते दार ओढून उघडत नाही. आत ढकलायचं. खांद्याने.

तुझी
धाकटी